इमाम शाफिई आणि कायद्याची शिस्त

इस्लामी कायदा म्हणजे एकदाच सिद्ध झालेली, मानवी बुद्धीला वाव नसलेली संहिता, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. इमाम शाफिई यांचे चरित्र या समजाला छेद देते.

इ. स. ७६७ मध्ये गाझा येथे जन्मलेले शाफिई पितृछत्रावाचून मक्केत दारिद्र्यात वाढले. मदिनेत इमाम मालिक यांच्यापाशी ते परंपरा शिकले. बगदादमध्ये शैबानी यांच्यापाशी तर्कपद्धती. या दोन पक्षांत वाद चालू असता शाफिईंनी 'रिसाला' या ग्रंथात कायद्याच्या उगमांचा क्रम लावून दिला: प्रथम कुराण, मग पैगंबरांची सुन्ना, त्यानंतर इज्मा म्हणजे एकमत आणि शेवटी कियास म्हणजे साधर्म्यावरून काढलेले अनुमान. नमाजापासून वारसाहक्कापर्यंत प्रत्येक निर्णय या कसोटीवर उतरला पाहिजे. पंडिताच्या मर्जीला तेथे स्थान नाही.

हीच कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली. इजिप्तमध्ये गेल्यावर आपली अनेक जुनी मते त्यांनी बदलली. ८२० मध्ये फुस्तात येथे ते निवर्तले. कोकणातील बहुसंख्य मुसलमान आजही त्यांचाच संप्रदाय मानतात. मूळ वचन अढळ मानणाऱ्या या इमामाने आपण लावलेला अर्थ मात्र कधीच अढळ मानला नाही, हे त्यांच्या अनुयायांनी आणि टीकाकारांनीही ध्यानी घ्यावे.