काचेआडचा लोम्बार्डी

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या आणि घटकाघटकाला माणसांचा ढीग. या खेळाच्या व्यावसायिक विजेत्याला दरवर्षी जो चांदीचा करंडक मिळतो, त्याला व्हिन्स लोम्बार्डीचं नाव आहे. ज्याच्या नावाचा करंडक, तो माणूस जन्मभर जिंकतच राहिला असणार, असं आपण धरून चालतो. मला मात्र त्याच्या पाच अजिंक्यपदांपेक्षा १९६८ चा एक पडका हंगाम जास्त ओढून घेतो. त्या हंगामात तो मैदानावर नव्हताच.

लोम्बार्डीचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, एका इटालियन कुटुंबात झाला. वडील खाटीक. पोराने पाद्री व्हायचं ठरवलं, त्या शिक्षणाची वाट काही वर्षं चाललीही, मग सोडली. फोर्डहॅम विद्यापीठाच्या संघात त्याने नाव काढलं. पुढे न्यू जर्सीतल्या एका शाळेत तो लॅटिन, रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवी आणि संध्याकाळी पोरांना मैदानावर पळवी. वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी झाली, न्यूयॉर्क जायंट्स झालं. सगळीकडे सहायक म्हणूनच. व्यावसायिक संघाचं प्रमुखपद हाती आलं तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती.

आणि संघ तरी कोणता? ग्रीन बे पॅकर्स! विस्कॉन्सिन राज्यातलं, तेव्हा साठेक हजार वस्तीचं, हाडं गोठवणाऱ्या थंडीचं हे गाव. तिथला संघ कुणा धनिकाचा नाही, गावाचाच. लोकांनी भाग घेतलेले, त्यांवर लाभांश मात्र छदाम नाही. १९५८ साली हा संघ १२ पैकी १० सामने हरला होता, एक बरोबरीत सुटला होता. १९५९ मध्ये लोम्बार्डी आला आणि पहिल्याच वर्षी ७ विजय, ५ पराभव. मग १९६१, ६२, ६५, ६६ आणि ६७ अशी पाच अजिंक्यपदं.

त्याच्याकडे जादू नव्हती. मोजक्याच चाली, पण त्या शेकडो वेळा घोटून घ्यायच्या. वर्गातल्या मास्तराचीच पद्धत! तो ओरडे, अपमान करी, खेळाडू त्याला टरकून असत. पण ज्या गुत्त्यात कृष्णवर्णीय खेळाडूला मज्जाव, तिथे अख्ख्या संघाने पाऊल टाकायचं नाही, हा दंडकही त्याचाच होता. जिंकण्याविषयीचं एक गाजलेलं वाक्य त्याच्या नावावर खपवलं जातं. ते मुळात दुसऱ्याच प्रशिक्षकाचं आहे, म्हणून इथे देत नाही.

३१ डिसेंबर १९६७ रोजी, उणे २५ अंश सेल्सिअसमध्ये, अवघे काही सेकंद उरले असताना पॅकर्सनी डॅलसला हरवलं. दोन आठवड्यांनी सुपर बोलही जिंकला. आणि १ फेब्रुवारी १९६८ रोजी लोम्बार्डीने प्रशिक्षकपद सोडलं. प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर अशा दोन खुर्च्या तो सांभाळत होता, शरीर थकलं होतं. त्याने दुसरी खुर्ची ठेवली आणि पहिली फिल बेंग्स्टन या आपल्या शांत, विश्वासू सहायकाला दिली.

त्या वर्षी गावाने एका रस्त्याला लोम्बार्डीचं नाव दिलं. आणि त्याच वर्षी संघ घसरला. खेळाडूंची वयं झाली होती. कर्णधारासारखा संघ चालवणारा बार्ट स्टार अधूनमधून जायबंदी. खांबांमधून लाथेने चेंडू धाडून तीन गुण मिळवून देणारा डॉन चँडलर निवृत्त झाला आणि ते काम धड करणारा दुसरा सापडेना. ३ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर १०-१० अशी बरोबरी असताना शिकागोने क्वचितच वापरल्या जाणाऱ्या एका नियमाचा आधार घेतला आणि ४३ यार्डांवरून लाथेनेच सामना नेला. लोम्बार्डी वरती, पत्रकारांच्या कक्षात काचेआड. खाली ओरडावं तर हक्क नाही, गप्प बसावं तर स्वभाव नाही.

शेवटी ६ विजय, ७ पराभव, १ बरोबरी. गटाचा विजेता मिनेसोटा अवघ्या ८ विजयांवर पुढे गेला, हे जास्त लागणारं. दोष बेंग्स्टनला दिला गेला. माझ्या मते तो अन्याय होता. थकत चाललेला संघ त्याच्या हाती देणारा जनरल मॅनेजर लोम्बार्डीच होता.

काचेआड त्याला एक हंगामच काढता आला. फेब्रुवारी १९६९ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला. तिथे मालकीत वाटाही मिळाला, जो गावाच्या संघात मिळणं शक्यच नव्हतं. करार बाकी असताना गेला, म्हणून ग्रीन बेतली काही माणसं दुखावली. वॉशिंग्टनने त्याच्या हाताखाली ७ सामने जिंकले, ५ हरले, २ बरोबरीत सोडवले. १९५५ नंतर प्रथमच तिथे पराभवांहून विजय जास्त झाले.

पुढचा हंगाम त्याला मिळाला नाही. १९७० च्या जूनमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला आणि ३ सप्टेंबरला, सत्तावन्नाव्या वर्षी, तो गेला. सुपर बोलच्या करंडकाला त्याचं नाव त्यानंतर लागलं. त्या १९७० च्या हंगामात वॉशिंग्टनने ६ सामने जिंकले आणि ८ गमावले. ग्रीन बेनेही नेमके ६ जिंकले, ८ गमावले आणि बेंग्स्टनने राजीनामा दिला.