डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन

सर डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन (जन्म : एडिनबरा, २ मे १८६०, मृत्यू : सेंट अँड्र्यूज, २१ जून १९४८) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि ग्रीक भाषेचे पंडित होते. आकार बदलणाऱ्या मऊ अवयवांच्या वैद्यकीय प्रतिमा एकमेकींशी जुळवण्याच्या आजच्या शास्त्रामागील मूळ कल्पना त्यांच्या लेखनात आढळते.

जीवन

जन्मानंतर लवकरच त्यांची आई वारली. पशुवैद्य असलेल्या आजोबांकडे, आजोळी त्यांचे बालपण गेले. एडिनबरा येथील वैद्यकाचे शिक्षण सोडून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राणिशास्त्राकडे वळले. १८८४ साली डंडी येथे आणि १९१७ पासून सेंट अँड्र्यूज येथे, अशी एकूण ६४ वर्षे त्यांनी प्राध्यापकी केली. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे त्यांचे भाषांतर १९१० साली प्रसिद्ध झाले. १९३७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४७ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते दिल्लीच्या भारतीय विज्ञान परिषदेस उपस्थित होते.

कार्य

‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ हा त्यांचा ग्रंथ १९१७ साली प्रकाशित झाला. त्याच्या अखेरच्या भागात त्यांनी एका माशाच्या चित्रावर चौकटींची जाळी आखली आणि ती ताणून, वाकवून त्याच्या जातभाईचा आकार मिळवला. काटेरी फुगामासा आणि सूर्यमासा यांची जोडी विशेष प्रसिद्ध आहे. माणूस व चिंपांझी यांच्या कवट्यांचीही त्यांनी अशीच तुलना केली.

मर्यादा व प्रभाव

ही जाळी हाताने काढलेली होती. ती मोजून काढण्याची रीत थॉम्पसन यांनी दिली नाही. त्यामुळे पद्धतीचे कौतुक झाले, पण वापर फारसा झाला नाही. १९८९ साली फ्रेड बुकस्टाइन यांनी पातळ पत्रा वाकवण्याच्या गणिताच्या आधारे, दोन आकारांतील समान बिंदू जुळवून सर्वांत कमी वाकणारी जाळी काढण्याची रीत मांडली.

हाडाची प्रतिमा बहुधा सरकवून व फिरवून जुळते. यकृत किंवा फुप्फुस मात्र श्वासागणिक आकार बदलते, म्हणून तेथे प्रत्येक बिंदूचे विस्थापन वेगळे काढावे लागते. जुळणी चुकल्यास किरणोपचाराचा मारा गाठीऐवजी निरोगी पेशींवर होऊ शकतो. जाळीला वाकण्याची पूर्ण मोकळीक दिली, तर कोणतीही प्रतिमा कोणत्याही प्रतिमेशी जुळल्याचा भास होतो. म्हणून तिच्या वाकण्यावर मर्यादा घालतात.