ॲलन ब्लमलाइन: सुईला विजेचा ब्रेक लावणारा इंजिनिअर

विनाइल रेकॉर्डची क्रेझ परत आलीय. हौसेनं टर्नटेबल घेतला, त्याला मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज लावलं, की फोनो प्रीॲम्पवर एक बटण समोर येतं: लोड. 100 ओहम ठेवायचा की 47 हजार ओहम? बरेच जण अंदाजपंचे काहीतरी ठेवतात आणि सोडून देतात. हे लोड प्रकरण समजून घ्यायचं, तर लंडनच्या एका इंजिनिअरची गोष्ट वाचायला हवी. तो जेमतेम 38 वर्षं जगला, पण त्याच्या नावावर 128 पेटंट आहेत.

ॲलन डॉवर ब्लमलाइनचा जन्म 29 जून 1903 चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. सातव्या वर्षी पठ्ठ्यानं घराची दारावरची बेल दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवलं. खाली सही, इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून! बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट वाचता येत नव्हतं, असं त्याची बहीण सांगायची. गणित मात्र पक्कं होतं.

कॉलेज संपल्यावर 1924 मध्ये तो टेलिफोनच्या कामाला लागला. तेव्हा लांबच्या टेलिफोन लाइनवर ठरावीक अंतरावर कॉइल बसवत, म्हणजे आवाज वाटेत फार क्षीण होत नसे. पण एका लाइनवरचं बोलणं शेजारच्या लाइनमध्ये झिरपायचं. ब्लमलाइननं या कॉइलची रचना सुधारून ते बरंच कमी केलं. सिग्नल कसा वागणार, हे पुढे काय जोडलंय त्यावर ठरतं, हा धडा त्याला इथंच मिळाला असणार, असं मला वाटतं.

1929 मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. रेकॉर्ड कापण्यासाठी तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचं यंत्र वापरत आणि त्याची रॉयल्टी भरावी लागे. त्या यंत्रात कापणाऱ्या सुईचं थरथरणं आवरायला रबराची एक लांब दांडी होती. तीसुद्धा एक लोडच, फक्त विजेचा नाही, यांत्रिक. उरलेली कंपनं त्या रबरात जिरायची. पण रबर ते रबरच, थंडी-उन्हात आणि वयानुसार बदलणारं.

ब्लमलाइननं रॉयल्टी चुकवणारं आणि वर जास्त चांगलं असं यंत्र बनवलं. त्यात चुंबकाच्या क्षेत्रात हलणारी कॉइल होती, आणि थरथर आवरायचं काम रबराऐवजी विजेकडं दिलं होतं.

विजेचा ब्रेक म्हणजे काय, ते घरीच करून बघा. खेळण्यातल्या गाडीची छोटी मोटर घ्या आणि दांडा बोटानं फिरवा. आता तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून परत फिरवा. दांडा जड लागेल. कॉइल चुंबकात हलली की वीज तयार होते, तिला वाट मिळाली की करंट वाहतो, आणि तो करंट हालचालीला विरोध करतो. वाट जितकी मोकळी, म्हणजे ओहम जितके कमी, तितका ब्रेक जास्त.

कार्ट्रिजमध्ये हाच खेळ उलटा चालतो. सुई खाचेत हलते, कॉइल हलते, वीज तयार होते. डेनॉनचं जुनं प्रसिद्ध डीएल-103 घ्या. त्याचं आउटपुट साधारण 0.3 मिलिव्होल्ट, कॉइलचा रोध 40 ओहम. लोडही 40 ठेवला, तर निम्मा व्होल्टेज कॉइलमध्येच खर्च होतो. 100 ला सुमारे 71 टक्के पुढं जातो, 1000 ला 96 टक्के. म्हणजे इथं मॅचिंगचा अर्थ दोन्ही आकडे सारखे करणं नव्हे. लोड काही पट मोठाच हवा. ढोबळ हिशेब दहा पटींचा, पण आधी कंपनीनं दिलेला आकडा बघायचा.

मग सरळ 47 हजारच का नको? कारण कॉइल आणि केबल मिळून कानाला ऐकू न येणाऱ्या खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला एक उसळी तयार करतात. ओहम कमी असले की ती दबते. मोकळी सोडली, तर काही प्रीॲम्प तिनं गडबडतात आणि आवाज कर्कश होतो. इतक्या चिमुकल्या कॉइलमध्ये सुईला बसणारा ब्रेक मात्र किरकोळच असतो. लोडचं खरं काम ही उसळी आवरणं.

असो, ब्लमलाइनकडं वळू. सिनेमा बघताना त्याला खटकलं, की पात्र पडद्यावर एका बाजूला असतं आणि आवाज भलतीकडून येतो. 14 डिसेंबर 1931 ला त्यानं स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. एकाच खाचेत दोन चॅनेल कसे बसवायचे, तेही त्यात होतं: खाचेच्या दोन भिंती 45 अंशांत तिरक्या, प्रत्येक भिंतीवर एक चॅनेल. 1934 मध्ये ॲबी रोड स्टुडिओत बीचमच्या ऑर्केस्ट्रानं वाजवलेली मोझार्टची ज्युपिटर सिंफनी अशी स्टिरिओत टिपलीसुद्धा. पण बाजार तयार नव्हता. कोलंबिया आता ईएमआयमध्ये विलीन झाली होती, आणि ईएमआयनं त्याला टीव्हीच्या कामाला लावलं. बीबीसीची 1936 ची टीव्ही सेवा ज्या यंत्रणेवर चालली, तिच्यात त्याचा मोठा वाटा होता.

मग महायुद्ध. विमानातून खालची जमीन दाखवणाऱ्या एचटूएस रडारची चाचणी घेताना, 7 जून 1942 रोजी, हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनला आग लागली आणि वेल्सच्या सीमेजवळ ते कोसळलं. अकराच्या अकरा जण गेले. त्यात ब्लमलाइन आणि ईएमआयमधले त्याचे दोन सहकारी होते. चौकशीत मूळ कारण निघालं, नीट न कसलेला एक नट. रडार गुप्त होतं, म्हणून त्याच्या मृत्यूची जाहीर बातमीही तीन वर्षं दिली गेली नाही.

स्टिरिओ रेकॉर्ड सर्रास विकायला आल्या 1958 मध्ये, त्याच 45 अंशांच्या खाचेसह. खाचेच्या दोन भिंती, म्हणून कार्ट्रिजमध्येही दोन कॉइल, आणि प्रीॲम्पमध्ये लोडही दोन. तुमच्या प्रीॲम्पवर डाव्या-उजव्या चॅनेलची बटणं वेगळी असतील, तर दोन्हीकडं एकच आकडा आहे ना, तेवढं तपासून घ्या.