पॅरिसच्या गल्ल्यांचा फोटोवाला

युजीन आत्जे. स्पेलिंगच्या शेवटी 'टी' आहे, पण तो उच्चारायचा नाही. जन्म १८५७, फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या लिबूर्न गावी. आई-वडील लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. थोडे दिवस जहाजावर काम केलं, मग पॅरिसच्या नाट्यशाळेत शिरला. लष्करी नोकरी आणि शिक्षण एकदम जमेना म्हणून तिथून काढलं. फिरत्या नाटक कंपनीत दुय्यम भूमिका केल्या, तर घसा बिघडला. चित्रंही काढून पाहिली. म्हणजे तिशी आली तरी साहेब 'सेटल' नाहीत! आपल्या घरी काय झालं असतं, कल्पना करा.

मग त्याने कॅमेरा धरला. चित्रकारांना रेफरन्स म्हणून झाडं, दारं, जिने यांचे फोटो विकायचे, हा धंदा. १८९७ च्या सुमारास मात्र त्याला आपलं काम सापडलं, ते म्हणजे जुनं पॅरिस. १८५३ पासून ओसमान या अधिकाऱ्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले होते आणि उरलेल्या गल्ल्यांवरही हातोडा पडतच होता. आत्जे भल्या पहाटे तिवई, लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा घेऊन निघायचा. अंगणं, दुकानांच्या पाट्या, फेरीवाले, तटबंदीबाहेरच्या भंगारवाल्यांच्या झोपड्या, काही सोडलं नाही. बिएव्र नावाची छोटी नदी कातडी कमावण्याच्या धंद्याने नासली होती. १९१२ पर्यंत पॅरिसमधला तिचा प्रवाह पार झाकून टाकला. त्याआधीची ती त्याच्या फोटोंत बघायला मिळते.

मला भावली ती टेक्निकल गोष्ट. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर तिरका केला, की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. आत्जे कॅमेरा सरळच ठेवून नुसती लेन्स वर सरकवायचा. रेषा ओळंब्यात राहायच्या, पण लेन्सचा प्रकाश प्लेटच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचायचा नाही. म्हणून कित्येक फोटोंचे वरचे कोपरे काळे आहेत. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी शीट रिपीट दिली असती! एक्स्पोजर लांब, त्यामुळे चालती माणसं धुरासारखी दिसतात.

फोटो ग्रंथालयं आणि म्युझियम विकत घ्यायची, पण पैसा बेताचाच. मागे वारस नाही, या प्लेटांचं काय होणार, ही काळजी त्याला खात होती. १९२० मध्ये त्याने २,६२१ निगेटिव्ह सरकारला १०,००० फ्रँकला विकल्या. १९२६ मध्ये शेजारी राहणाऱ्या मॅन रे या कलाकाराच्या ओळखीने सर्रिअलिस्टांच्या मासिकात त्याचे फोटो आले, तेव्हा त्याने नाव छापू नका म्हणून सांगितलं. त्याच्या मते त्या निव्वळ नोंदी होत्या. आज त्याला मोठा कलाकार म्हणतात, पण मला त्याचंच म्हणणं पटतं. नोंद करायची म्हणूनच तो मोडक्या जिन्यासमोरही तेवढाच वेळ उभा राहिला.

मॅन रेकडे काम केलेल्या बेरेनिस ॲबट या अमेरिकन मुलीने १९२७ मध्ये आत्जेचा फोटो काढला. ती प्रिंट दाखवायला गेली तोवर तो वारला होता. पुढच्या वर्षी तिने त्याच्याकडे उरलेल्या प्लेटा आणि प्रिंट विकत घेतल्या. १९२९ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली आणि तिथल्या पडणाऱ्या-उभ्या राहणाऱ्या इमारतींचे फोटो काढायला लागली. आत्जेचा तो संग्रह तिने जवळजवळ ४० वर्षं सांभाळला आणि १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घेतला.