तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर

आमच्या गुरुजींनी या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली. कोणी गाडगेबाबांची लिहिली, कोणी सावित्रीबाईंची लिहिली. मी विठाबाई नारायणगावकर यांची लिहितो असे सांगितले. त्या तमाशात गात होत्या आणि नाचत होत्या. हे ऐकून वर्गातले पोट्टे हसले. पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला कपाटातले एक पुस्तक वाचायला दिले. बाकीचे मी गुरुजींना आणि माझ्या आबाजींना विचारून विचारून लिहिले आहे.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरला झाला. पण त्यांच्या घराण्याचे गाव नारायणगाव. हे गाव पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आहे. आपल्या चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा शिवनेरी किल्ला आहे ना, तो याच तालुक्यात आहे. आपला भंडारा जिल्हा महाराष्ट्राच्या या टोकाला आणि ते गाव पार तिकडच्या बाजूला.

विठाबाईंचे सगळे घरच कलावंतांचे होते. त्यांचे आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड काढला. फड म्हणजे तमाशाची सगळी मंडळी. नंतर वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो फड चालवला. म्हणून लोक त्याला भाऊ बापू मांग नारायणगावकर यांचा तमाशा म्हणत. त्या काळी अस्पृश्यता होती. गुरुजींनी सांगितले की लोक रात्रभर त्यांचे गाणे ऐकत आणि सकाळ झाली की त्यांना शिवत नसत. मला हे समजले नाही. गाणे चालते तर माणूस का चालत नाही? गुरुजी म्हणाले की हा प्रश्न तसाच लिही, खोडू नको. म्हणून लिहिला.

विठाबाईंचे शाळेत फारसे मन लागले नाही. पण गाणे त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही. घरात लावणी, गवळण, भेदिक ही गाणी सारखी चालत. ती ऐकून ऐकूनच त्या शिकल्या. आपण पाटीवर अआइई गिरवतो, तशा त्या लहानपणी ढोलकीच्या तालावर पाय गिरवत असतील असे मला वाटते. लहान वयातच त्या बोर्डावर उभ्या राहू लागल्या. तमाशावाले स्टेजला बोर्ड म्हणतात.

तमाशात पहिल्यांदा गण होतो, त्यात गणपतीला वंदन करतात. मग गवळण होते, त्यात कृष्ण आणि गवळणी असतात, आणि मावशी सगळ्यांना हसवते. मग लावण्या होतात. शेवटी वग होतो, म्हणजे नाटक. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही वाद्ये असतात. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत गावोगाव फिरतात. आज या गावाला, उद्या त्या गावाला. पाडव्याच्या वेळेला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची माणसे तिथे येऊन आपल्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी देतात.

विठाबाई मोठ्या झाल्या तशा फार प्रसिद्ध झाल्या. त्यांचा आवाज पहाडी होता आणि नाचही तसाच. लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणू लागले. १९५७ साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या फक्त बावीस वर्षांच्या होत्या. १९६२ साली चीनने आपल्या देशावर हल्ला केला. तेव्हा विठाबाई आपल्या जवानांची करमणूक करण्यासाठी सीमेवर गेल्या. तिथे थंडी फार, आणि जवान घरापासून किती दूर. त्यांना आपले गाणे ऐकून किती बरे वाटले असेल!

आता एक गोष्ट सांगतो. ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्रात सांगतात. एकदा विठाबाईंच्या पोटात बाळ होते आणि दिवस भरले होते. तरी त्या बोर्डावर नाचत होत्या. खेळ बंद केला तर सगळ्या फडाचे पोट कसे भरणार? नाचता नाचता पोटात कळा येऊ लागल्या. त्या आत गेल्या. तिथे बाळ जन्मले. त्यांनी दगडाने नाळ तोडली, आणि परत बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. लोकांच्या ध्यानात आले की बाईंचे पोट आता दिसत नाही. त्यांनी विचारले. मग खरे काय ते कळले आणि लोकांनीच खेळ थांबवायला लावला. सगळ्यांनी त्यांना हात जोडून आराम करायला सांगितले.

ही गोष्ट मी घरी मायला वाचून दाखवली. माय धानाचे पऱ्हे काढून आली होती, तिचे पाय चिखलाने भरले होते. ती म्हणाली की माझ्या वेळेसही ती रोवण्याला जात होती, आदल्या दिवसापर्यंत बांधीत होती. हे मला माहीतच नव्हते. मग मी तिला पाय धुवायला पाणी आणून दिले.

१९९० साली विठाबाईंना पुन्हा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. दोन वेळा राष्ट्रपती पुरस्कार म्हणजे केवढी मोठी गोष्ट! पण म्हातारपणी त्यांचे फार हाल झाले. आजारी पडल्या तेव्हा दवाखान्याला द्यायला पैसे नव्हते. दानशूर लोकांनी मदत केली आणि ते पैसे भरले गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षे होते. नंतर महाराष्ट्र शासनाने तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनीही तमाशात मोठे नाव कमावले आणि आपला फड काढला. म्हणजे आजोबांपासूनची कला पुढे गेली.

आता मी ही माहिती का निवडली ते लिहितो. माझे आबाजी खडी गंमत करत होते. आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई भरते आणि रात्री खडी गंमत, दंडार होते हे सगळ्यांना माहीत आहे. खडी गंमतीत गडीमाणसेच बाईचे काम करतात. आबाजी नाच्याचे काम करत. लुगडे नेसून, पायात चाळ बांधून रात्रभर उभे राहून गात. त्यांचे गाणे ऐकायला आजूबाजूच्या गावचे लोक बैलबंडीने येत असे माय सांगते.

पण पोट्टे मला चिडवतात. आबाजींसारखे चालून दाखवतात. मागच्या वर्षी मला फार लाज वाटली, आणि मी आबाजींना शाळेकडे येऊ नका म्हणालो. आबाजी काहीच बोलले नाहीत. त्यांनी चाळ काढून पेटीत ठेवून दिले आणि मंडईच्या रात्री घरीच झोपले.

विठाबाईंचे म्हातारपण वाचून दाखवले तेव्हाही आबाजी खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले की टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात, पण खेळ संपला की सगळे आपापल्या घरी जातात. तेव्हा मला माझे चुकले हे समजले. मी पेटीतले चाळ काढले आणि चिंच लावून घासले. ते चकचकीत झाले आहेत. आबाजींचे गुडघे दुखतात, आता नाचता येत नाही. पण त्यांनी मला एक गण शिकवला. दोन ओळी अजून चुकतात. गुरुजी म्हणाले की २६ जानेवारीला तो सगळ्यांसमोर म्हण आणि आबाजींना पुढच्या खुर्चीवर बसव.

विठाबाईंकडून मी हे शिकलो की कोणतीही कला हलकी नसते. आणि कलावंताला पुरस्कार द्यावा, पण त्याच्या म्हातारपणीही त्याची विचारपूस करावी. माझी माहिती इथे संपली. जे पोट्टे हसले होते त्यांनी ही शेवटपर्यंत वाचावी आणि २६ जानेवारीला आबाजींना नमस्कार करावा, ही विनंती.

इयत्ता चौथीचा विद्यार्थी