पंडित भातखंडे

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकू लागले. परंतु चरितार्थासाठी त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व १८८७ मध्ये पदवी मिळवली. पुढे अनेक वर्षे वकिली आणि फावल्या वेळी संगीत, असा त्यांचा क्रम चालला.

१९०० मध्ये त्यांची पत्नी वारली आणि १९०३ मध्ये कन्याही गेली. घर सुने झाले. तेव्हा भातखंडे यांनी वकिली सोडून उरलेले आयुष्य संगीताला वाहण्याचे ठरवले. त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्या वयात पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नव्हते.

त्या काळी गुरूने गावे आणि शिष्याने ऐकून पाठ करावे, अशी रीत होती. लिहून ठेवलेले थोडेच असे. एखादा गवई निवर्तला की त्याच्या कंठातील चिजाही पुष्कळदा त्याच्याबरोबर नाहीशा होत. एकाच रागाचे नियम दोन गवई दोन तऱ्हांनी सांगत. शिवाय घराण्याची विद्या परक्याला देण्यास पुष्कळजण नाखूश असत.

भातखंडे गावोगाव हिंडले. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. त्यांनी जुने ग्रंथ वाचले आणि मोठमोठ्या गवयांपुढे ते शिष्य होऊन बसले. साक्षीपुरावा पारखण्याची वकिलाची सवय येथे त्यांच्या कामी आली. ऐकलेली चीज कागदावर उतरावी म्हणून त्यांनी सुटसुटीत स्वरलिपी योजली. कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ, अशा तिच्या खुणा लहान मुलांनाही समजतात. प्रचलित रागांची त्यांनी दहा थाटांत वाटणी केली.

'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. मिळवलेल्या शेकडो चिजा त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. १९१६ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने बडोदे येथे अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय निघाले. त्यास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

१९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. आज खेड्यातील एखादा मुलगा पुस्तक उघडून यमनाची चीज शिकू लागतो, तेव्हा त्यामागे चाळिशीनंतर पुन्हा शिष्य झालेल्या एका वकिलाचे श्रम उभे असतात.