रोषणगावात चिखलानं घात केला, भातवडीत मलिक अंबरनं तोच चिखल मुघलांसाठी तयार केला

तीन पत्ती असो नाहीतर पोकर, टेबलावर बसलेला नवखा गडी फक्त स्वतःची पानं बघतो. पानं चांगली आली की बोली वाढवतो, वाईट आली की टाकून देतो. मुरलेला गडी मात्र समोरच्याकडे बघत असतो. त्याच्याकडे काय असेल, तो कशाला घाबरतोय, त्याच्याजवळ किती पैसे उरलेत आणि त्याला चूक करायला कसं भाग पाडायचं, याचा हिशोब त्याच्या डोक्यात चालू असतो. मनाच्या कौलावर खेळणं आणि डोक्यानं खेळणं यातला फरक तो हाच.

४०० वर्षांपूर्वी अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, भातवडी गावात असाच एक डाव रंगला होता. पत्ते नव्हते, पण पणाला अख्खी निजामशाही लागली होती. समोर एक नाही तर दोन बलाढ्य फौजा होत्या, मुघलांची आणि आदिलशहाची. आणि डाव खेळणारा माणूस होता पंचाहत्तरीच्या घरातला, एकेकाळी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर.

त्यानं हा डाव कसा जिंकला हे समजून घ्यायचं असेल, तर आधी तो कुठून आला आणि कुठं हरला ते बघायला लागतंय.

गुलाम ते निजामशाहीचा कर्ताधर्ता

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात जात बगदादला पोहोचला. तिथल्या मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढं त्याला दख्खनमध्ये आणून विकण्यात आलं. विकत घेणारा होता निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतःही हबशीच होता.

कारभार कसा चालतो, दरबारातली माणसं कशी फिरतात, फौज कशी पोसली जाते, हे सगळं अंबरनं या माणसाच्या हाताखाली पाहिलं. चंगेजखान वारला आणि त्याच्या बायकोनं अंबरला गुलामीतून मोकळं केलं. मग काही वर्षं त्यानं आदिलशाहीत चाकरी केली. १५९५ च्या सुमारास तो परत निजामशाहीत आला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम १५० स्वार होते.

तो काळ निजामशाहीच्या पडझडीचा होता. अकबराच्या फौजेनं नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. चांदबीबीनं तो पहिल्यांदा परतवला, पण १६०० मध्ये किल्ला पडला आणि तिथला निजामशहा कैदेत गेला. राज्य संपलं असंच सगळ्यांना वाटलं.

अंबरनं मात्र परांड्याला निजामशाही घराण्यातल्याच एका वारसाला दुसरा मुर्तझा म्हणून गादीवर बसवलं, त्याला आपली मुलगी दिली आणि त्याच्या नावानं कारभार हातात घेतला. १६०७ पर्यंत त्यानं राजू दख्खनी हा प्रतिस्पर्धीही बाजूला सारला. राजधानी आधी जुन्नरला गेली आणि मग खडकीला. हीच खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर.

बारगिरी : समोरासमोर भिडायचंच नाही

मुघलांकडे तोफा होत्या, हत्ती होते, पैसा होता. मैदानात समोरासमोर उभं राहिलं तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. म्हणून अंबरनं लढाईची पद्धतच बदलली.

हलके घोडे आणि सडे स्वार. दिवसा दिसायचं नाही, रात्री छापा टाकायचा. शत्रूला डोंगरात, घाटात ओढत न्यायचं, मागून त्याचा दाणागोटा तोडायचा आणि मोठी लढाई टाळायची. यालाच बारगिरी म्हणायचे. घोड्यावर वाढलेले मराठा सरदार या कामात तरबेज होते आणि अंबरनं त्यांना मोठ्या संख्येनं सोबत घेतलं. १६१० मध्ये तर त्यानं नगरचा किल्लाही मुघलांकडून परत मिळवला.

बादशहा जहांगीर इतका वैतागला होता की त्याच्या दरबारी चित्रकारानं, अबुल हसननं, एक चित्र काढलं. त्यात जहांगीर भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडताना दिसतो. गंमत म्हणजे ते मुंडकं कधीच मुघलांच्या हाती लागलं नाही. जे प्रत्यक्षात जमलं नाही, ते बादशहानं कागदावर उरकून घेतलं.

रोषणगाव : जिथं डाव फसला

पण एकदा अंबरही चुकला.

१६१६ च्या सुरुवातीला त्याचे काही मोठे सरदार मुघलांना जाऊन मिळाले. त्यात याकूतखान होता, सिंदखेडचे लखुजी जाधवरावही होते. ही माणसं अंबरच्या तालमीतली. तो कसा लढतो, कुठून येतो, कधी पळ काढतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पत्त्यांच्या भाषेत सांगायचं तर अंबरची पानं उघडी पडली होती.

अशा वेळी डाव सोडून मागं सरकणं शहाणपणाचं होतं. अंबर मात्र आदिलशाही आणि कुतुबशाहीची मदत सोबत घेऊन जालन्याजवळच्या रोषणगावला उघड्या मैदानात उतरला. इतकी वर्षं जे टाळलं, तेच त्या दिवशी केलं.

मुघलांनी जागा मोठ्या हुशारीनं निवडली होती. मध्ये चिखलानं भरलेला नाला होता आणि उतारावर तिरंदाज उभे केले होते. हा मुलूख ओळखणाऱ्या याकूतखानाचं डोकं त्यामागं होतं. अंबरचे स्वार वेगात धावून गेले आणि चिखलात अडकले. वरून बाणांचा पाऊस पडला. त्याची आघाडी मोडली आणि फौज पळाली. मुघलांनी पुढं जाऊन खडकी शहराची राखरांगोळी केली.

१६१७ मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनमध्ये उतरला. अंबरनं लढायचं सोडून तह केला आणि जिंकलेला मुलूख व नगरचा किल्ला परत देऊन टाकला. १६२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. तेव्हाही त्यानं तह केला. तिन्ही दख्खनी शाह्यांवर मिळून ५० लाखांची खंडणी बसली, तीही मान्य केली.

बघणाऱ्याला ही हार वाटेल. पण वाईट पानं टाकून देण्यात कमीपणा नसतो. त्यानं पुढच्या डावासाठी हातात काहीतरी शिल्लक राहतं. अंबरची फौज शिल्लक होती.

भातवडी : आता चाल अंबरची

१६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही एक झाले. मुल्ला मुहम्मद लारी हा विजापूरचा सेनापती मोठी फौज घेऊन बुऱ्हाणपूरला मुघलांकडे गेला. निजामशाही दोन जात्यांमध्ये सापडली.

अंबरनं काय केलं? दोघांपैकी कुणावरही तो सरळ चालून गेला नाही. आधी कुटुंबकबिला दौलताबादच्या किल्ल्यात सुरक्षित ठेवला. मग कुतुबशहाकडे जाऊन थकलेला पैसा वसूल केला आणि त्याच्याशी तह केला. म्हणजे पाठ सुरक्षित झाली आणि खर्चाचीही सोय झाली. नंतर बिदर लुटून तो थेट विजापूरवर गेला. विजापूरची फौज तर बुऱ्हाणपुरात बसली होती. आदिलशहानं घाबरून मुल्ला मुहम्मदला माघारी बोलावलं. त्याच्यासोबत लष्करखानाच्या हाताखाली मुघल फौजही निघाली.

आता दोन्ही फौजा अंबरच्या मागं धावत होत्या. त्यांना वाटत होतं, म्हातारा पळतोय. अंबरनं मुघलांना निरोपही धाडले की हे माझं आणि आदिलशहाचं भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका. त्यांनी ऐकलं नाही. अंबर मागं सरकत सरकत नगरच्या दिशेनं आला आणि भातवडीला थांबला.

जागा या वेळी त्यानं निवडली होती. भातवडीला निजामशाहीच्याच काळातला मोठा तलाव होता. खडकी शहरात जमिनीखालच्या नहरींतून पाणी खेळवणाऱ्या अंबरला पाणी कुठून कुठं जातं हे सांगायची गरज नव्हती. त्यानं तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या वाटेवर पसरलं. त्यात पाऊस सुरू होता. जमिनीचा चिखल झाला. तोफा, हत्ती, सामानाचे गाडे जागच्या जागी रुतले.

तरी त्यानं लगेच हल्ला केला नाही. शत्रूची रसद तोडली. रात्री छापे घालून झोप उडवली. भुकेनं हैराण झालेले आदिलशाही सैनिक छावणी सोडून अंबरकडे यायला लागले. समोरची फौज दिवसागणिक आतून पोखरत गेली.

आणि ती पुरती खिळखिळी झाल्यावर अंबरनं घाव घातला. मुल्ला मुहम्मद मारला गेला. लष्करखान आणि कितीतरी मुघल व आदिलशाही सरदार कैद होऊन दौलताबादला गेले. आठ वर्षांपूर्वी ज्या चिखलानं अंबरला हरवलं होतं, त्याच चिखलात त्यानं दोन शाह्या बुडवल्या.

या लढाईत शहाजीराजे भोसले अंबरच्या बाजूनं लढले. विजय मोठा होता, पण भोसल्यांच्या घरावर आघातही मोठा झाला. शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी याच रणात पडले.

जिंकल्यावरही हिशोब सुटला नाही

भातवडीनंतर अंबरनं नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला लवकर पडेना, तेव्हा तो तिथं अडकून बसला नाही. थोडी फौज वेढ्यावर ठेवून तो पुढं निघाला, विजापूरजवळचं नौरसपूर लुटलं आणि सोलापूर जिंकलं.

पण प्रत्येक हिशोब बरोबर आला असंही नाही. विजयानंतर वर्षभरातच शहाजीराजे त्याला सोडून आदिलशाहीत गेले. माणसं सांभाळणं हा अंबरचा कच्चा दुवा होता. रोषणगावच्या आधी तो उघडा पडला होता आणि भातवडीनंतरही तो तसाच राहिला.

१६२६ मध्ये अंबर वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. तो होता तोवर निजामशाही टिकली, तो गेल्यावर दहा वर्षांत ती नकाशावरून पुसली गेली. जहांगीरानं आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या होत्या. पण त्याच दरबारातल्या मुतमदखानानं अंबरच्या मृत्यूची नोंद करताना युद्धकलेत आणि कारभारात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता, अशी कबुली देऊन ठेवली.

भातवडीचं आजचं नाव भातोडी. नगर शहरापासून २० किलोमीटरच्या आत असलेल्या भातोडी पारगावात आजही तो तलाव आहे आणि शरीफजीराजांची समाधीही आहे.